अस्सल बरहुकूम

इराणच्या पश्चिम भागात किर्मानशाह आणि हमदान या दोन नगरांना जोडणारा जो प्राचीन राजमार्ग आहे, त्यावर किर्मानशाहापासून सुमारे तीस किलोमीटरांवर बिसुतून नावाचा एक उभा कडा वाटसरूच्या थेट डोक्यावर येतो. आणि त्या कड्यावर, रस्त्यापासून सुमारे शंभर मीटर उंचीवर, हखामनी सम्राट दारयवुश, म्हणजे ग्रीकांच्या मुखातून जगाला परिचित झालेला दरायस, याने इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमारास कोरविलेला एक विस्तीर्ण लेख आहे. प्राचीन फार्सी, एलामी आणि बाबिली या तीन भाषांत सम्राटाने त्यात एकच कैफियत मांडली आहे. कुरूश राजाचा पुत्र बर्दिया असल्याचे भासवून गादी बळकाविणारा गौमात नावाचा पुरोहित तोतया होता, त्याला आपण ठार केले, आणि त्यानंतर एका वर्षाच्या अवधीत एकोणीस लढाया देऊन नऊ राजे कैद केले, अशी ती हकीकत आहे. भाऊसाहेबांच्या तोतयाचे प्रकरण ज्यांनी वाचले आहे, त्या मराठी वाचकांस अशा कैफियतीचा वास ओळखीचा वाटेल.

या लेखाचे नवल असे की, तो वाचता येऊ नये अशाच जागी कोरलेला आहे. खालून जाणाऱ्यास शिल्पातील आकृती दिसतात, अक्षरे दिसत नाहीत. दारयवुशाला ही अडचण कळत होती, म्हणूनच लेखाचा मजकूर आपण प्रांतोप्रांती रवाना केला, असे त्याने त्याच लेखात नमूद करून ठेविले. आणि ती नुसती बढाई नव्हती, कारण बाबिलोनमध्ये त्या मजकुराचे दगडी तुकडे सापडले आहेत आणि इजिप्तमधील एलिफंटाइन बेटावर त्याच मजकुराची आरमाइक भाषेतील प्रत पपायरसावर मिळाली आहे. म्हणजे इराणच्या इतिहासाचा पहिला प्रकाशक खुद्द इराणचा सम्राटच म्हणावा लागेल. पुढे केव्हातरी हा लेख वाचणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवावा, त्यास असत्य मानू नये आणि लोकांपासून तो लपवू नये, अशीही विनवणी त्याने केली आहे.

या विनवणीचे दोन भाग आहेत, आणि गेल्या अडीचशे वर्षांत इराणच्या प्राचीन इतिहासाचे जे संशोधन प्रसिद्ध होत आले, त्याने त्यांतील एकच भाग मान्य केला. लपवू नका, हे विद्वानांनी शिरोधार्य मानिले; विश्वास ठेवा, हे मात्र त्यांनी कोणाचेही ऐकले नाही, सम्राटाचे नाही आणि एकमेकांचेही नाही. आपल्याकडील जुन्या दप्तरांत नकलेवर ‘अस्सल बरहुकूम’ असा शेरा असे. मूळ कागद पुढ्यात नसलेल्या माणसाला त्या दोन शब्दांच्या आधारे निवाडा करावा लागे, आणि शंका आल्यास अस्सल मागविण्याचा हक्कही त्यास असे. विद्वत्तेच्या क्षेत्रातील प्रकाशन म्हणजे तत्त्वतः हाच शेरा होय. तो कसा मारला गेला, कोठे खोटा ठरला आणि कोठे कामी आला, याची कथा बिसुतूनच्या कड्याइतकीच उद्बोधक आहे.

त्या कथेचे पहिले प्रकरण सुरतेत घडते. आंकतील द्युपेराँ नावाचा एक तरुण फ्रेंच १७५८ मध्ये सुरतेस पोहोचला आणि तेथील दस्तूर दाराब यांच्यापाशी बसून त्याने पारशी धर्मग्रंथांचा अर्थ तीन वर्षे समजावून घेतला. मिळविलेली सुमारे १८० हस्तलिखिते त्याने १७६२ मध्ये पॅरिसच्या राजग्रंथालयात जमा केली, आणि १७७१ मध्ये अवेस्त्याचे भाषांतर तीन खंडांत छापले. त्याच वर्षी विल्यम जोन्स या तेव्हा पंचविशीच्या इंग्रज विद्वानाने एक निनावी फ्रेंच पत्रक काढून त्या ग्रंथाची यथेच्छ हेटाळणी केली. असले निरर्थक बोल जरथुश्त्राचे असणे शक्यच नाही, हा त्याच्या टीकेचा आशय होता. पुढे संस्कृतच्या अध्ययनाने जगद्विख्यात झालेल्या माणसाकडून हा अविचार घडला, याचे आज आश्चर्य वाटते. पण द्युपेराँने हस्तलिखिते ग्रंथालयात ठेविली होती, हीच गोष्ट निर्णायक ठरली. अस्सल कोणालाही पाहता येत होते. १८२० च्या सुमारास मुंबईस येऊन गेलेल्या रास्मुस रास्क या डॅनिश पंडिताने १८२६ मध्ये अवेस्त्याची भाषा प्राचीन आणि खरी असल्याचे व्याकरणाच्या आधारे दाखवून दिले, आणि त्यानंतर यूजेन ब्यूर्नुफ याने पॅरिसमधील त्याच हस्तलिखितांवरून, संस्कृतचा हात धरून, तिचे शास्त्रशुद्ध विवेचन केले. पंचावन्न वर्षे बनावट म्हणून हिणविलेला ग्रंथ असा अस्सल ठरला.

दुसरे प्रकरण याच्या नेमके उलट आहे, आणि ते मुंबईत घडले. मुल्ला फिरोज या विद्वान पारशी धर्मगुरूंच्या वडिलांनी इराणच्या प्रवासात इस्फहान येथे ‘दसातीर’ नावाचे एक हस्तलिखित मिळविले होते. अतिप्राचीन इराणी प्रेषितांची वचने म्हणून ज्याची ख्याती, अशा त्या ग्रंथाची भाषाच कोणास ठाऊक नव्हती, आणि सोबतचा फार्सी तर्जुमा व टीका हाच अर्थाचा एकमेव आधार होता. मुंबईचे गव्हर्नर जोनाथन डंकन यांनी त्याच्या इंग्रजी भाषांतरास हात घातला, पण १८११ मध्ये ते निवर्तले. अखेर मुल्ला फिरोज यांनी १८१८ मध्ये मूळ आणि भाषांतर मुंबईतच दोन खंडांत छापून काढले. ग्रंथ हाती पडताच जाणत्यांना शंका आल्या, आणि त्यांतील एक शंकेखोर मुंबईतच होता. विल्यम अर्स्किन याने मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे निबंध वाचून असे प्रतिपादन केले की, ही अज्ञात भाषा कोणत्याही जिवंत लोकसमूहाने बोललेली नसून ती घडविलेली आहे, कारण तिची वाक्यरचना तर्जुम्याच्या फार्सीला पावलोपावली चिकटून चालते. आज अभ्यासक तो ग्रंथ मोगल काळात आझर कैवान याच्या पंथात रचला गेला असे मानतात.

या दोन प्रकरणांवरून कोणी असे अनुमान काढील की, छापील ग्रंथावर विसंबण्यात अर्थ नाही. खरे तात्पर्य त्याच्या विरुद्ध आहे. ‘दसातीर’ एखाद्या घराण्याच्या पेटीत रेशमी बासनात राहिला असता तर त्याचे माहात्म्य आजतागायत अबाधित राहिले असते. मुल्ला फिरोज यांनी तो सद्भावनेने, मूळ संहितेसह छापला, म्हणूनच तो दोन वर्षांच्या आत पकडला गेला. अवेस्ता छापला गेला म्हणून हिणवला गेला आणि छापला गेला म्हणूनच सुटला. छापणे हे सत्याचे प्रमाणपत्र नव्हे; ते न्यायासनापुढे रुजू होणे आहे.

आता पुन्हा दगडाकडे वळू. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात धाडलेल्या सहा जणांच्या शोधपथकातील पाच जण एकेक करून रोगाने दगावले, त्यांतील शेवटचा मुंबईत १७६४ च्या फेब्रुवारीत. आणि उरलेला एकटा कार्स्टन नीबूर हा मोजणीदार मुंबईत प्रकृती सावरून परतीच्या वाटेने निघाला, तो १७६५ च्या मार्चमध्ये हखामनी सम्राटांच्या पर्सेपोलिस नगराच्या भग्न प्रासादांत जाऊन पोहोचला. तेथील भिंतींवर खिळ्यांच्या ठशांसारखी दिसणारी अक्षरे त्याने आठवड्यांमागून आठवडे उतरवून घेतली. त्याला त्यातले एक अक्षरही वाचता येत नव्हते, आणि बहुधा हेच त्याच्या नकलेचे भाग्य ठरले, कारण ज्याला अर्थ कळत नाही त्याला अर्थ सुधारण्याचा मोह होत नाही. या लिप्या एक नसून तीन आहेत, त्या डावीकडून उजवीकडे लिहिल्या जातात, आणि सर्वांत सोप्या लिपीत बेचाळीस चिन्हे आहेत, एवढे त्याने नुसत्या निरीक्षणाने नोंदविले. १७७८ मध्ये त्याच्या प्रवासवर्णनाच्या दुसऱ्या खंडात ती चित्रफलके छापून आली आणि कोपनहेगनपासून गटिंगेनपर्यंत कोणाच्याही मेजावर पसरता येऊ लागली.

गटिंगेनच्या अशाच एका मेजापाशी १८०२ मध्ये गेओर्ग ग्रोटेफेंड नावाचा सत्तावीस वर्षांचा शाळामास्तर बसला होता. त्याने इराण पाहिले नव्हते आणि पौर्वात्य भाषांचा तो पंडितही नव्हता. त्याच्यापुढे होती ती छापील पुस्तके: नीबूरची फलके, द्युपेराँचा बदनाम अवेस्ता, आणि सिल्व्हेस्त्र द सासी याने १७९३ मध्ये प्रसिद्ध केलेले सासानी राजांच्या लेखांचे वाचन. या तिन्हींचा त्याने जो मेळ घातला तो मुद्दाम जवळून पाहण्याजोगा आहे. सासानी लेखांत ‘अमुक, थोर राजा, राजांचा राजा, तमुक राजाचा पुत्र’ असा ठरीव मायना असे. पर्सेपोलिसच्या लेखांतही एक शब्द वारंवार येतो आणि कोठे कोठे तो दोनदा लागोपाठ येतो, तेव्हा तो शब्द ‘राजा’ असावा आणि जोडी ‘राजांचा राजा’ असावी, असे त्याने धरले. नंतर त्याने दोन लेख शेजारी मांडले. पहिल्यात जो राजा होता तो दुसऱ्यात पिता म्हणून आला होता. पण पहिल्यातील राजाच्या पित्यापुढे ‘राजा’ हे पद लागलेच नव्हते. म्हणजे नातू राजा, पुत्र राजा, आजा मात्र राजा नव्हे. ग्रीक इतिहासकारांनी दिलेल्या वंशावळीत हे तिघे कोण, हे शोधण्यास वेळ लागला नाही: ख्शयार्शा, त्याचा पिता दारयवुश, आणि त्याचा पिता, जो कधीच सम्राट नव्हता तो विश्तास्प. विश्तास्प या नावाची इराणी रूपे त्याने शोधली ती द्युपेराँच्या ग्रंथात. जोन्सने केराच्या टोपलीत टाकू पाहिलेले पुस्तक हखामनी लिपीची किल्ली फिरविण्यास असे उपयोगी पडले.

परंतु येथेच प्रकाशनाच्या व्यवस्थेने दगा दिला. ग्रोटेफेंडचा निबंध १८०२ च्या सप्टेंबरात गटिंगेनच्या विद्वत्सभेपुढे सादर झाला. सभेच्या समाचारपत्रात त्याचा गोषवारा आला. पण एका शाळामास्तराचा तो समग्र निबंध सभेने छापिला नाही. १८०५ मध्ये हेरेन या त्याच्या इतिहासकार मित्राच्या ग्रंथाचे परिशिष्ट म्हणून त्याच्या शोधाचे विवेचन प्रसिद्ध झाले, आणि मूळ निबंध छापून येण्यास १८९३ साल उजाडावे लागले, तेव्हा लेखक मरून चाळीस वर्षे लोटली होती. त्याच्या वाचनात चुका पुष्कळ होत्या, आणि त्या सुधारून पुढे जाण्याचे काम ब्यूर्नुफ आणि लासेन यांनी १८३६ मध्ये केले. ‘राजा’ या अर्थाचा तो वारंवार येणारा शब्द ‘ख्शायथिय’ होता, आणि त्याचे नाते वेदांतील ‘क्षयति’, म्हणजे सत्ता चालवितो, या क्रियापदाशी जुळते. आपण ज्याला ‘शाह’ म्हणतो तो याच शब्दाचा झिजलेला अवशेष होय.

दरम्यान मुंबईच्या फौजेतील एक अधिकारी बिसुतूनच्या कड्यावर चढत होता. हेन्री रॉलिन्सन १८२७ मध्ये कंपनीचा कॅडेट म्हणून मुंबईस आला. इराणचा इतिहास लिहिणारे आणि नुकतेच मुंबईचे गव्हर्नर नेमले गेलेले जॉन माल्कम त्याच जहाजावर होते, आणि फार्सीची गोडी त्यास त्यांच्याच सहवासात लागली. १८३३ मध्ये शाहाची फौज शिकविण्यास त्याची इराणात रवानगी झाली आणि १८३५ पासून किर्मानशाहाच्या मुक्कामात त्याने लेखाची नक्कल घेण्यास आरंभ केला. अरुंद कठड्यावर शिडी उभी करावयाची, तिच्या अगदी वरच्या पायरीवर पाय ठेवावयाचे, डावा हात व अंग खडकाला टेकवून त्याच हातात वही धरावयाची, आणि उजव्या हाताने लिहावयाचे, असा त्याचा क्रम असे. बाबिली मजकुराच्या जागी त्यालाही जाणे साधले नाही. १८४७ मध्ये एका कुर्द मुलाने खडकाच्या फटींत खुंट्या ठोकून, दोरांच्या आधाराने लोंबकळत, ओल्या कागदावर त्याचे ठसे उठवून दिले. त्या मुलाचे नाव मात्र रॉलिन्सनच्या निबंधात आलेले नाही.

रॉलिन्सनचे प्राचीन फार्सी संहितेचे वाचन आणि भाषांतर १८४६-४७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या दहाव्या खंडात प्रसिद्ध झाले. अफगाण युद्धाने त्याची मधली कित्येक वर्षे खाल्ली होती, आणि तेवढ्या अवधीत आयर्लंडमधील एडवर्ड हिंक्स हा खेडेगावचा धर्मोपदेशक घरबसल्या त्याच गाठी सोडवीत होता. तेव्हा कोणाचा शोध आधीचा, हा वाद पेटला आणि तो निबंध रवाना झाल्याच्या व वाचल्या गेल्याच्या तारखांवर लढविला गेला. विद्वानांच्या नियतकालिकात तारखेचे महत्त्व का, हे यावरून ध्यानी यावे.

बिसुतूनच्या बाबिली मजकुराने बाबिली-असीरी लेखांची वाट उघडली, पण ते वाचन इतके गुंतागुंतीचे होते की, हे पंडित मनास येईल ते वाचतात, असे म्हणणारे संशयवादी पुष्कळ निघाले. १८५७ मध्ये सोसायटीने एक नामी कसोटी योजिली. असीरियाचा राजा तिग्लथ-पिलेसर पहिला याचा नव्याने मिळालेला लेख रॉलिन्सन, हिंक्स, टॅल्बट आणि ओपेर्ट या चौघांनी परस्परांशी विचारविनिमय न करता भाषांतरित करावा आणि मोहोरबंद लखोट्यांत घालून पाठवावा, असे ठरले. पंचांनी लखोटे फोडले, तेव्हा मुख्य आशयावर चारही भाषांतरे जुळली. चारही भाषांतरे सोसायटीने शेजारी शेजारी छापली, आणि त्यांतील विसंगतीही झाकल्या नाहीत. लेख छापण्यापूर्वी तो त्रयस्थ जाणकारांकडून तपासून घेण्याची जी रीत आज सर्वत्र रूढ आहे, तिचे मर्म त्या लखोट्यांत सामावलेले आहे.

रॉलिन्सनच्या नकलेवरही जगाने डोळे मिटून विश्वास टाकला नाही. ब्रिटिश म्युझियमच्या किंग आणि टॉम्पसन यांनी कड्यावर पुन्हा चढून सुधारलेले वाचन १९०७ मध्ये छापले. अमेरिकन विद्वान जॉर्ज कॅमेरून १९४८ मध्ये नवे ठसे घेऊन आला. आणि रुडिगर श्मिट याची प्राचीन फार्सी संहिता १९९१ मध्ये इराणी लेखांच्या समग्र ग्रंथमालेत निघाली. एकाच खडकाचे दीडशे वर्षांत इतक्या वेळा पुनर्वाचन झाले. दारयवुशाची कैफियतही याच शिस्तीने तपासली गेली, आणि आज कित्येक इतिहासकारांचा असा तर्क आहे की, गौमात हा तोतया नव्हताच. मारला गेला तो कुरूशाचा खरा पुत्र, आणि तोतयाची गोष्ट मारेकऱ्याने रचली. सम्राटाने जो मजकूर प्रसिद्ध केला, त्याच मजकुराच्या बारीक वाचनातून त्याच्यावरील संशय दृढ झाला.

राजाच्या कैफियतीच्या समोर ठेवण्याजोगा दुसरा पुरावा पर्सेपोलिसच्याच तटबंदीत दडलेला होता. शिकागो विद्यापीठाच्या उत्खननात १९३३ मध्ये हेर्त्सफेल्ड यास तेथे मातीच्या हजारो मुद्रांकित चकत्या सापडल्या. बहुतेक एलामी भाषेत लिहिलेल्या या चकत्या म्हणजे दारयवुशाच्या कारकिर्दीतील, इसवी सनापूर्वी ५०९ ते ४९३ या काळातील, कोठारांची रोजकीर्द होय: कोणाला किती जव, किती पीठ, किती मद्य दिले, कोणाच्या हुकुमाने आणि कोणाच्या शिक्क्याने. हिंदुश प्रांताच्या वाटेवरील प्रवाशांचा शिधा त्यांत आहे; बाळंतिणींना दिलेला जादा शिधा आहे, आणि मुलगा झालेल्या मातेस मुलगी झालेल्या मातेच्या दुप्पट मिळे, हेही त्यांत आहे. पेशवे दप्तरातील जमाखर्चाचे रुमाल ज्यांनी सोडले आहेत त्यांना हा मजकूर परका वाटणार नाही. १९३६ मध्ये या चकत्या वाचनासाठी म्हणून २,३५३ खोक्यांत घालून शिकागोस उसनवार गेल्या. रिचर्ड हॅलॉक यांनी आयुष्यातील कित्येक दशके त्यांच्यावर घालवून १९६९ मध्ये २,०८७ चकत्यांचा मजकूर एकाच जाडजूड ग्रंथात प्रसिद्ध केला. त्या ग्रंथात वाचनीय असे एक पानही नाही, आणि तरीही हखामनी साम्राज्याविषयीच्या समजुती बदलण्यात त्याच्याइतका वाटा थोड्याच ग्रंथांचा असेल, कारण तोवर इराणचा राज्यकारभार आपण त्याच्या ग्रीक शत्रूंच्या लेखणीतून पाहत होतो, आणि आता तो त्याच्याच कारकुनांच्या हातातून पाहू लागलो.

पुढे या चकत्यांवर विचित्र संकट कोसळले. इराण सरकारविरुद्ध अमेरिकेतील न्यायालयांत भरपाईचे हुकूमनामे मिळविलेल्या फिर्यादींनी, ही इराणची मालमत्ता असल्याने तिची जप्ती व विक्री व्हावी, अशी मागणी केली. दावा वर्षानुवर्षे चालला आणि त्या काळात संशोधकांनी प्रत्येक चकतीची छायाचित्रे घेऊन मजकूर सर्वांस खुला करण्याचा सपाटा लावला; अस्सल हातचे गेले तरी नक्कल अस्सल बरहुकूम राहावी, हाच त्यामागील हेतू होता. अखेर २०१८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जप्तीस नकार दिला, आणि २०१९ मध्ये १,७८३ चकत्या इराणात परत गेल्या.

सुटे निबंध आणि संहिता यांची रास वाढली की ती एका सूत्रात ओवण्याचे कामही कोणीतरी करावे लागते. केंब्रिजच्या सात खंडांच्या इराणेतिहासाचा पहिला खंड १९६८ मध्ये निघाला आणि शेवटचा १९९१ मध्ये. एहसान यारशातेर यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ‘एन्सायक्लोपीडिया इराणिका’ या महाकोशाचा जो संकल्प सोडला, त्याची पहिली पुस्तिका १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील पहिली नोंद ‘आब’, म्हणजे पाणी, या शब्दाची आहे. यारशातेर २०१८ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी निवर्तले, तेव्हाही कोश अपुराच होता. मुंबईत १९१६ पासून कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट याच परंपरेतील ग्रंथ व हस्तलिखिते सांभाळीत आहे.

बिसुतूनच्या लेखात ‘लेख’ या अर्थी ‘दिपि’ असा शब्द आहे. सम्राट अशोकाच्या वायव्येकडील शाहबाझगढीच्या लेखांतही तोच येतो, आणि आपला ‘लिपी’ हा शब्द त्याचाच आप्त असल्याचे पंडित मानतात. ‘दिपि’पासूनच फार्सीत लेखनिक या अर्थी ‘दबीर’ शब्द आला, आणि शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतील सुमंत पूर्वी याच नावाने ओळखले जात. आजही हे आडनाव आपल्यात नांदते आहे. दबीराचे काम राजाचा शब्द नीट उतरविण्याचे असे. तो खरा की खोटा हे ठरविण्याचे नसे. दारयवुशाच्या दबीरांनी ते काम चोख केले आणि मजकूर प्रांतोप्रांती पोहोचविला. तपासणीचे काम तेवढे शिल्लक राहिले होते; ते शाळामास्तर, धर्मोपदेशक आणि फौजी अधिकारी यांनी सुमारे तेवीसशे वर्षांनंतर अंगावर घेतले आणि अद्याप हातावेगळे केलेले नाही.